निवडसूचीची स्वयंचलित चाचणी

वेबपृष्ठावर मिटलेल्या अवस्थेत एकच ओळ दाखविणाऱ्या व टिचकी मारताच पर्यायांची यादी उघडणाऱ्या घटकास निवडसूची किंवा ‘ड्रॉपडाउन’ म्हणतात. जिल्हा, विषय, जन्मवर्ष इ. माहिती भरताना तिचा सर्रास उपयोग होतो. तिच्यातून अपेक्षित पर्याय निवडता येतो की नाही, हे मनुष्याऐवजी आज्ञावलीकडून पडताळून घेणे म्हणजे तिची स्वयंचलित चाचणी होय. हे काम वरकरणी क्षुल्लक भासते. तथापि वापरणाऱ्याची कृती तपासावयाची की केवळ तिचे फलित, हा या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न याच घटकाच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला.

नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या विनिर्देशात ‘सिलेक्ट’ व ‘ऑप्शन’ या खुणा अंतर्भूत होत्या. पर्याय पृष्ठाच्या संहितेत लिहिलेले असत. पण यादी कशी उघडावी व दिसावी, हे ब्राउझर ठरवी. पुष्कळदा ती पृष्ठाबाहेर, स्वतंत्र चौकटीत रेखाटली जाई. त्यामुळे पृष्ठातील घटकांवरच काम करणाऱ्या चाचणी-आज्ञावलीला उघडलेली यादी हाताळता येत नसे. तिला संहितेतील पर्याय परस्पर निवडावा लागे.

जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत ‘सेलेनियम’ हे साधन तयार केले. पुढे सायमन स्ट्यूअर्ट यांचे ‘वेबड्रायव्हर’ त्यात विलीन होऊन २०११ मध्ये सेलेनियम २.० प्रसृत झाले. त्यातील ‘सिलेक्ट’ या साहाय्यक वर्गाने दृश्य मजकूर, अंतर्गत मूल्य व अनुक्रमांक असे निवडीचे तीन मार्ग दिले. त्यांतील भेद महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या सूचीवरून चांगला कळतो. वर्णानुक्रमे परभणीनंतर पुणे येई. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर तो या दोहोंच्या मध्ये आला. अनुक्रमांकाने पुणे निवडणारी जुनी चाचणी अशा वेळी मुकाट्याने पालघर निवडील. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा दृश्य मजकुरावर विसंबणारी चाचणी थांबेल, तर अंतर्गत संकेतांक न बदलल्यास मूल्यावर आधारलेली चालू राहील. थांबणारी चाचणीच येथे अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण वाचकाला दिसते ते तिने पाहिले. मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना रूप एकच दिसले, तरी संगणक ते शब्द भिन्न मानतो.

ब्राउझरच्या सूचीला हवे तसे रूप देता येत नसल्याने २०११ च्या सुमारास ‘चोझन’सारखी साधने प्रचारात आली. ती मूळ सूची लपवून तिच्या जागी सामान्य घटकांची कृत्रिम यादी मांडीत. सेलेनियमचा साहाय्यक वर्ग ‘सिलेक्ट’ खुणेखेरीज अन्य घटक स्वीकारीत नाही; म्हणून लपविलेल्या सूचीचे मूल्य थेट बदलण्याची पळवाट शोधली गेली. ती सोयीची असली, तरी घातक होती. यादी मुळीच उघडत नसली किंवा कळफलकाने तिच्यापर्यंत पोहोचता येत नसले, तरीही अशी चाचणी यशस्वी ठरते. दृष्टिहीन व केवळ कळफलक वापरणाऱ्या व्यक्तींचे यात सर्वाधिक नुकसान होते.

मार्च २०१४ मध्ये डब्ल्यू३सी या संस्थेने ‘वाय-एरिया १.०’ ही शिफारस मान्य केली. तिच्यामुळे कृत्रिम यादीलाही ‘कॉम्बोबॉक्स’, ‘लिस्टबॉक्स’ व ‘ऑप्शन’ या भूमिका निश्चितपणे जोडता येऊ लागल्या. मात्र कॉम्बोबॉक्सची मांडणी १.१ (२०१७) व १.२ (२०२३) या आवृत्त्यांत बदलल्याने घटक व चाचण्या दोन्ही सुधाराव्या लागल्या. केंट डॉड्स यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘टेस्टिंग लायब्ररी’ने भूमिका व नाव यांवरून घटक शोधण्याची पद्धत रूढ केली. पडदावाचकालाही तीच माहिती मिळत असल्याने नाव नसलेली सूची चाचणीलाही सापडत नाही. या चाचण्या पुष्कळदा ‘जेएसडॉम’ या ब्राउझरसदृश परिसरात चालतात. तेथे पृष्ठाची प्रत्यक्ष मांडणी होत नाही; त्यामुळे यादी पडद्याबाहेर उघडली वा दुसऱ्या घटकाखाली झाकली गेली, तर ते कळत नाही. त्यासाठी खऱ्या ब्राउझरमधील चाचणीच करावी लागते.

२०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीत मूळ ‘सिलेक्ट’ सूचीलाच इच्छित रूप देण्याची सोय झाली. ही सोय नसलेल्या ब्राउझरमध्ये तीच सूची पारंपरिक रूपात उघडते. त्यामुळे तिची चाचणी दोन्ही रूपांत घेणे आवश्यक असते.