करारपत्रातील वर्ण : लेव्हिटाउन वसाहतीच्या लोकसंख्येचा इतिहास

एखाद्या नगरात कोणकोणत्या वंशांचे लोक किती प्रमाणात राहतात, हे जनगणनेच्या कोष्टकावरून समजते. ते प्रमाण तसे का पडले, हे मात्र कोष्टक सांगत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याचा सहज समज होतो की, लोक आपल्या आवडीनुसार व ऐपतीनुसार आपापल्या जागी वसले असावेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीविषयीही शतकानुशतके हेच सांगितले गेले. अमेरिकेतील लेव्हिटाउन या उपनगरी वसाहतीचा इतिहास हा समज खोडून काढतो. तिथे वस्तीची वांशिक रचना कोणी, केव्हा आणि कोणत्या कागदाच्या आधारे केली, हे लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. म्हणून त्याचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. तेथील हेम्पस्टेड भागातील बटाट्याच्या शेतांवर विल्यम लेव्हिट यांच्या ‘लेव्हिट अँड सन्स’ या कंपनीने १९४७ साली घरबांधणीस आरंभ केला. दुसरे महायुद्ध संपून लाखो सैनिक मायदेशी परतले होते आणि घरांची भीषण टंचाई होती. लेव्हिट यांनी कारखान्यातील उत्पादनपद्धती घरबांधणीत आणली. कामाचे लहान लहान टप्पे पाडले आणि एकेका टप्प्यासाठी कामगारांची स्वतंत्र टोळी नेमली. त्यामुळे दिवसाला तीस-तीस घरे उभी राहू लागली. १९५१ पर्यंत सतरा हजारांहून अधिक घरे पूर्ण झाली. प्रारंभी ती माजी सैनिकांना दरमहा सुमारे ६० डॉलर भाड्याने दिली गेली. १९४९ पासून नव्या घरांची ७,९९० डॉलर किमतीस विक्री सुरू झाली. सैनिकांना आरंभी काही रक्कम भरण्याचीही गरज नव्हती. सामान्य कामगाराला स्वतःच्या मालकीचे घर मिळण्याचा हा अभूतपूर्व मार्ग होता.

परंतु भाडेकरारात एक पंचविसावे कलम होते. कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज अन्य कोणासही या घरात राहू देणार नाही, असे भाडेकरूकडून त्यात लिहून घेतले जात असे. त्याच कलमाच्या पुढील वाक्यात मात्र घरकामासाठी अन्य वंशाचे नोकर ठेवण्याची मुभा दिलेली होती. हे दुसरे वाक्य आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्याचे श्रम हवेत, परंतु ज्याचा शेजार नको, अशा माणसाचे स्थान ठरविण्याची ही रीत महारवाड्याच्या रहिवाशाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्याकडे ते काम रूढीने केले. तिथे ते छापील करारपत्राने केले.

हा एका कंपनीचा खाजगी पूर्वग्रह होता असे म्हणून भागत नाही. १९३४ साली स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन बँकांच्या गृहकर्जांना सरकारी हमी देत असे. कर्ज सुरक्षित आहे की नाही हे तपासण्यासाठी या खात्याने जी नियमपुस्तिका काढली, तिच्यात वस्तीमध्ये वेगवेगळ्या वंशांचे लोक मिसळणे हा धोका मानला होता आणि वंशबंदीच्या करारांची शिफारस केली होती. लेव्हिटाउनसारखा प्रचंड प्रकल्प या हमीशिवाय उभा राहणे शक्य नव्हते. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना गृहकर्जाची सवलत दिली, तीत कागदोपत्री वर्णभेद नव्हता. तथापि युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला ती सवलत वापरण्यासाठी घरच विकत मिळत नव्हते. हक्क कायद्यात होता आणि दार करारपत्राने बंद केले होते.

३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात निर्णय दिला की, वंशबंदीच्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही. पुढील वर्षी लेव्हिट यांनी पंचविसावे कलम काढून टाकले. कलम गेले, व्यवहार मात्र तसाच राहिला. विल्यम कॉटर या कृष्णवर्णीय गृहस्थाचे कुटुंब पोटभाडेकरू म्हणून वसाहतीत राहू लागले, तेव्हा त्यांना घराबाहेर काढण्यात आले. पुढे त्यांनी एका मालकाकडून जुने घर विकत घेतले, तेव्हाच त्यांना तिथे पाय रोवता आले. स्वतः लेव्हिट हे ज्यू होते आणि आपल्या मनात वंशद्वेष नाही असे ते सांगत. घरांचा प्रश्न सोडवता येईल किंवा वंशाचा, दोन्ही एकत्र सोडवता येणार नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद होता. वस्तुतः गोऱ्यांपुरती घरे बांधून त्यांनी वंशाचा प्रश्न विटांनी पक्का केला होता.

या कालखंडाशी आपल्या चळवळीच्या इतिहासाचा एक धागा जुळलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. भारतातील अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा त्यात उल्लेख होता, आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले. ते ज्या एनएएसीपी संघटनेत कार्यरत होते, तिने ऑक्टोबर १९४७ मध्ये स्वतःचे विस्तृत निवेदन राष्ट्रसंघाकडे सादर केले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला लेव्हिटाउनमध्ये पहिली कुटुंबे राहावयास आली होती. एकीकडे जगापुढे न्यायाची मागणी मांडली जात होती आणि त्याच वेळी, संघराष्ट्राच्या मुख्यालयाच्या नजीकच, सरकारी हमीवर नवी गोरी वस्ती वसवली जात होती.

लेव्हिट यांनी दुसरी वसाहत १९५२ पासून पेनसिल्व्हेनियाच्या बक्स परगण्यात उभारली. तिथेही कृष्णवर्णीयांना घर विकले जात नसे. याविरुद्ध केलेला दावा संघीय न्यायालयाने १९५५ साली फेटाळला. १३ ऑगस्ट १९५७ रोजी माजी सैनिक विल्यम मायर्स व त्यांच्या पत्नी डेझी हे आपल्या तीन मुलांसह, एका गोऱ्या मालकाकडून विकत घेतलेल्या घरात राहावयास आले. त्याच रात्रीपासून घरासमोर जमाव जमू लागला. दगडफेकीत खिडक्या फुटल्या आणि एक पोलीस अधिकारी बेशुद्ध पडला. अखेर राज्यपालांना राज्य पोलीस पाठवावे लागले. मायर्स कुटुंबाला साथ देणारे गोरेही होते. क्वेकर पंथीय होते, शेजारचे वेक्स्लर हे ज्यू कुटुंब होते. त्यांनाही त्रास सोसावा लागला. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने छळ करणाऱ्यांना मनाई केली. मायर्स कुटुंब १९६१ पर्यंत तिथे राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये तेथील महापौरांनी डेझी मायर्स यांना पाचारण करून जाहीर क्षमा मागितली. मधली बेचाळीस वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही.

तिसरी वसाहत न्यू जर्सीतील विलिंगबरो येथे १९५८ मध्ये सुरू झाली. तिथे इतिहासाने वेगळे वळण घेतले, कारण सरकारी साहाय्याने बांधलेल्या घरांत वंशभेद करण्यास राज्याच्या कायद्याने मनाई केली होती. कृष्णवर्णीय नागरिकांनी तक्रार केली, लेव्हिट न्यायालयात हरले आणि १९६० पासून विक्री सर्वांना खुली झाली. १९७० मध्ये गोरेतर रहिवासी शेकडा ११.७ होते, १९७३ मध्ये ते १८.२ झाले. गोऱ्यांचे स्थलांतर रोखण्याच्या हेतूने नगर परिषदेने १९७४ मध्ये घरांपुढे ‘विकणे आहे’ अशा पाट्या लावण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ती बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर रद्द केली. तो निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल हे पूर्वी एनएएसीपीचे वकील होते. २००० च्या जनगणनेत विलिंगबरोच्या ३३,००८ रहिवाशांपैकी सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते.

आता लाँग आयलंडच्या लेव्हिटाउनचे आकडे पाहावेत. १९६० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ६५,२७६ होती आणि त्यात कृष्णवर्णीय शंभरही नव्हते. १९९० मध्ये ५३,२८६ रहिवाशांत त्यांची संख्या १३७ होती. २०२० मध्ये लोकसंख्या ५१,७५८ झाली. या काळात आशियाई आणि लॅटिन अमेरिकी वंशाची कुटुंबे लक्षणीय प्रमाणात आली. कृष्णवर्णीयांचे प्रमाण मात्र शेकडा एक-दोनच्याच आसपास राहिले. त्याच हेम्पस्टेड भागातील रूझवेल्ट व हेम्पस्टेड ही गावे मात्र प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी लोकांची आहेत.

एकाच बिल्डराने, एकाच पद्धतीने, सारख्याच गिऱ्हाइकांसाठी या वसाहती बांधल्या. विलिंगबरोचे दार दोन वर्षांत उघडले. लाँग आयलंडचे दार वसाहत पूर्ण भरेपर्यंत बंद राहिले. लोकसंख्येतील फरकाचे मूळ इथे शोधावे लागते. आवड व ऐपत यांचा वाटा दुय्यम आहे. आणि ऐपतीचाही उगम तपासला पाहिजे. ७,९९० डॉलरच्या घराची किंमत आज पाच लाख डॉलरांच्या वर गेली आहे. ते घर ज्याला १९४९ साली मिळाले, त्याच्या मुलांचे शिक्षण व नातवंडांचा वारसा त्यातून उभा राहिला. ज्याला नाकारले गेले, त्याच्या नातवाला आज ‘हे घर तुला परवडत नाही’ असे सांगितले जाते. आजोबांवर लादलेली बंदी नातवाकडे किंमत होऊन येते.

११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभराने, घरांच्या व्यवहारातील वंशभेदास बंदी करणारा संघीय कायदा झाला. तरीही २०१९ मध्ये ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने लाँग आयलंडवर केलेल्या पाहणीत, गोऱ्या गिऱ्हाइकाच्या तुलनेत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला घरदलालांकडून भेदभावाची वागणूक मिळण्याचे प्रमाण शेकडा ४९ आढळले. करारपत्र नष्ट झाले, तरी त्याचे काम दलालाची जीभ करू शकते. ‘घर रिकामे आहे का?’ या प्रश्नाला नाव व आडनाव ऐकल्यानंतर मिळणारे उत्तर आपल्या शहरांतही अनेकांनी ऐकले आहे.

म्हणून वस्तीचा अभ्यास करणाऱ्याने जनगणनेच्या कोष्टकाशेजारी आणखी काही कागद ठेवले पाहिजेत : भाडेपट्टा, कर्जाची हमी, गृहसंस्थेचे नियम आणि न्यायालयाचा निर्णय. विषमतेला निसर्गाचे किंवा नशिबाचे रूप देणे हे तिच्या रक्षणाचे सर्वात जुने साधन आहे. जे कारणांतून उत्पन्न झाले, ते कारणे दूर केल्यास निरुद्ध होते, ही बुद्धाची शिकवण सामाजिक इतिहासालाही लागू पडते. विलिंगबरोच्या नागरिकांनी नेमके कारणावर बोट ठेवले आणि ते दूर करविले. लेव्हिटाउनचा इतिहास आपल्याला हीच कारणे नावानिशी शोधण्याची शिस्त शिकवतो.