वैशाखाच्या आधीचे सहा महिने

शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९५५. पुण्याच्या सदाशिव पेठेतला एक वाडा. दिंडी दरवाजातून वाकून आत या. चौकात बंब धुमसतोय, वृंदावनाला ताजा गेरू लागलाय, कारण तुळशीची लग्नं एक-दोन दिवसांवर आली आहेत. ओसरीवर पुरुषमंडळी वर्तमानपत्रात डोकं घालून बसली आहेत. सोमवारी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नाही. तुम्ही तिथं रेंगाळू नका, जिना चढून माडीवर चला. पावणेनऊ होत आलेत, आणि वाड्यातला एकुलता एक रेडिओ वर आहे.

एप्रिलपासून दर शुक्रवारी सकाळी पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ लागतं. माडगूळकरांचं नवं गीत, फडक्यांची नवी चाल. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका चटयांवर दाटीवाटीनं बसल्या आहेत. ऐकायला कान पुरतात, मग हात रिकामे कशाला ठेवायचे? कुणी वाती वळतंय, कुणी तांदूळ निवडतंय, कुणाच्या मांडीवर लोकरीचा अर्धा स्वेटर. खिडकीच्या उजेडात, सगळ्यांपासून जराशी बाजूला, आत्या बसली आहे. ती मान वर न करता म्हणते, “ये, बस इथं. हात धुतलेस का?”

या वाड्यात तुम्हाला ‘तुम्ही’ कुणी म्हणणार नाही. आणि हात धुतल्याशिवाय आत्या दोऱ्याला बोट लावू देणार नाही. दोरा पांढराशुभ्र आहे, बारीक, रेशमासारखा चमकणारा. आहे मात्र सूतच. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजानं १८४४ साली सूत कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं; पुढे १८९०मध्ये होरेस लो यानं ते ताणून धरून बुडवलं आणि सुताला ही झळाळी आली. आत्याला यातलं काही ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की मर्सराईजचा दोरा धुतल्यावर जुनाट दिसत नाही, आणि घामट बोटाचा डाग त्यावर सहा महिन्यांनीसुद्धा ओळखू येतो.

सहा महिने कशाला, ते विचारा. काकूंच्या धाकटीचं लग्न वैशाखात ठरलंय. लग्न दोन दिवसांचं, पण या माडीवर ते आजच सुरू झालंय. रुखवतात काय काय मांडायचं याची यादी काकूंनी वहीत केली आहे; तिच्या पहिल्या ओळीवर आहे दारावरचं क्रोशाचं तोरण, ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं. ते आत्याकडे. आत्याच्या शेजारी चौकटीच्या कागदावर तिनं पेन्सिलीनं घरं काळी करून अक्षरं काढून ठेवली आहेत.

आता नीट पाहा. अंगठा आणि दोन बोटांत धरलेली आकड्याची सुई, डाव्या तर्जनीवरून घेतलेला दोरा. दोरा सुईवर घेऊन फासातून ओढला की साखळी. खांब घालायचा तर दोरा एकदा जास्तीचा घ्यायचा, खालच्या टाक्यात सुई घालायची, आणि दोन-दोन फास सोडवत वर यायचं. एक खांब आणि दोन साखळ्या म्हणजे एक रिकामं घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की घर भरलं. सगळी कारागिरी एवढ्यावरच उभी आहे: कागदावर काळं तिथं भरलेलं, पांढरं तिथं रिकामं. अवघड आहे ते पुढेच. तोरण आडवं लटकतं, पण विणायचं एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे अक्षरं विणताना आडवी निजलेली असतात. प्रत्येक ओळीअखेर काम उलटायचं, त्यामुळे एक ओळ कागदावर वरून खाली वाचायची, पुढची खालून वर. आणि शिरोरेघ! तिच्यासाठी प्रत्येक ओळीत तीच दोन घरं भरायची. एका ओळीत विसरलात तर ‘सु’च्या डोक्यावर भोक पडतं, आणि ते जन्मभर दारावर टांगलेलं राहतं.

गाणं संपतं, बायका उठतात. आत्या सुई तुमच्या हातात देते. तुम्ही विणू लागता आणि पाचव्या घराशी चुकता. “उसव,” ती म्हणते. सुई काढून दोरा ओढलात की टाके सरसर सुटतात. इथं क्रोशाचं मर्म कळतं. दोन सुयांच्या विणकामात सगळी घरं सुयांवर एकाच वेळी जिवंत असतात. एक निसटलं की खालपर्यंत ओघळतं. क्रोशात जिवंत फास एकच. तो जरा मोठा करून ठेवला की काम आहे तिथं थांबतं. खाली दूध उतू जाऊ दे, पोरगं रडत येऊ दे, दारात पाहुणा उभा राहू दे, बाईनं पिशवीत टाकायचं आणि उठायचं. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देणाऱ्या बायकांनी हेच काम एवढं आपलंसं का केलं, ते मला त्या एका फासात दिसतं.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथली एक गोष्ट आत्याला सांगावीशी वाटेल. मोजे विणणारं यंत्र विल्यम ली यानं १५८९ सालीच बनवलं, पण क्रोशाचं हेच काम हुबेहूब करणारं यंत्र तुमच्या काळातल्या कारखान्यांतही नाही. दुकानात टांगलेल्या खऱ्या क्रोशाच्या प्रत्येक वस्तूमागं कुणाचा तरी हात असतो. सांगितलंत तर ती विश्वास ठेवील, कारण दोन बायकांचे हातसुद्धा जुळत नाहीत हे तिला माहीत आहे. काकूंचा हात घट्ट, लग्नाच्या मुलीचा सैल. एकीनं अर्धं आणि दुसरीनं अर्धं विणलं तर तोरण मध्येच रुंद होतं. म्हणून तोरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीचं.

आत्याच्या कपाळाला कुंकू नाही. विशीच्या आत ती माहेरी परत आली. घरच्यांनी तिला पुण्याच्या सेवासदनात घातलं, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली काढलेल्या. शिवण, भरतकाम आणि ही सुई तिच्या हाती तिथं आली. असली कामं आपल्याकडे मिशनरी बायकांच्या शाळांतून आली, मग आपल्या संस्थांनी ती उचलली. ज्यांना घरात जागा उरली नव्हती त्यांना चार पैसे आणि थोडा मान मिळावा म्हणून. आयर्लंडात १८४५नंतरच्या दुष्काळात जोगिणींच्या मठांनी उपाशी घरांतल्या मुलीबाळींना क्रोशाची लेस विणायला शिकवलं होतं. आत्याला आयर्लंड नकाशावर दाखवता येणार नाही, पण ती त्याच बायकांची बहीण लागते.

आता दीड महिना ओलांडा. संक्रांत तोंडावर आली आहे आणि माजघरात शेगडी पेटली आहे. निखाऱ्यांवर राख ओढून आच अगदी मंद केलेली, वर परात, परातीत मूठभर तीळ. घरात गेल्या वैशाखात आलेल्या वहिनींची ही पहिली संक्रांत. त्यांना हलव्याचे दागिने घालायचे आहेत. परातीशी तुम्हीच बसा. चमचाभर पाक तिळावर टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं, थांबायचं नाही. पाक सुकला की पुढचा चमचा. पहिला तास काहीच होत नाही. तीळ नुसते पांढुरके होतात, बोटं चिकटतात आणि भाजतात. माई, म्हणजे वाड्यातली सगळ्यांची आजी, मधूनमधून डोकावून म्हणते, “घाई केलीस तर दगड होईल, काटा यायचा नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी, हवेत चांगला गारठा असताना, एका तिळावर पहिला काटा उभा राहतो. मग दुसऱ्यावर. बोटांना तो आधी कळतो, डोळ्यांना नंतर. हा क्षण ज्यानं अनुभवला नाही त्याला बाजारच्या हलव्याच्या पुडीतलं काय हरवलंय हे सांगून कळणार नाही.

काट्याचा हलवा झाला की तो तारेत आणि दोऱ्यात गुंफायचा, सोनेरी जरीनं सजवायचा. तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, नथ, बिंदी. वहिनी काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसतात. पांढरे काटेरी दागिने काळ्यावर असे उठून दिसतात की खऱ्या मोत्यांची आठवण कुणालाच येत नाही. फोटो काढायला स्टुडिओत जायचंय. वाटेत टांग्यात हलव्याचं मंगळसूत्र तुटू नये म्हणून काकू त्यांना श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगतात. महिन्याभरात पाहुण्यारावळ्यांची पोरं ते दागिने खाऊन टाकतील. त्यासाठीच तर केलेले असतात ते.

फाल्गुन उजाडतो, ऊन चढू लागतं आणि वळवटाची बोलावणी जातात. दुधात भिजवलेल्या रव्याच्या गोळीतून चिमटीनं सूत काढायचं आणि गव्हाएवढा दाणा वळून तोडायचा, तो गव्हला. नखावर दाबली की नखुली, फणीवर दाबली की फणोली. चौकातल्या पांढऱ्या धोतरावर सगळं वाळत पडलंय आणि चिमण्या हाकायला एका पोराला बसवलंय. पण पहिले गव्हले मुहूर्ताचे, आणि ते पाच सवाष्णींनी वळायचे. त्या वेळी चौकात बघा, आत्या दिसणार नाही. गव्हला वाड्यात तिच्याइतका बारीक कुणाला येत नाही, तरी ती माजघरात भिंतीला टेकून तोरण विणते आहे, कारण शुभकार्याच्या मुहूर्ताला तिनं समोर यायचं नाही. ज्या हातांनी सगळं सजवायचं त्याच हातांना अशुभ म्हणायचं, हा अन्याय त्या घरात कुणाला खटकत नाही. मला खटकतो. या सगळ्या देखण्या कामांवर माझा जीव आहे, म्हणूनच जास्त खटकतो. मुहूर्त आटोपल्यावर माईच उठते, रव्याची एक गोळी घेऊन माजघरात जाते आणि आत्याच्या हातावर ठेवते. “घे, खिरीपुरते तुझ्या हातचे वळ. हिच्या हातचे गव्हले बोराएवढे झालेत.” ‘हिच्या’ म्हणजे तुमच्या.

रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ला, गीतरामायण संपतं. छप्पन्न गाणी झाली. तोरणाचा शेवटचा ‘म्’ अजून अर्धा आहे आणि त्याचा पाय मोडायचा राहिलाय. पुढच्या शुक्रवारी रेडिओ न लावता आत्या तो पुरा करते. मग तोरण रिठ्याच्या पाण्यात धुतलं जातं, तांदळाच्या पातळ खळीत बुडतं, आणि चौघडी चादरीवर प्रत्येक कंगोरा ओढून टाचणीनं टोचला जातो. हे काम तुमच्याकडे आहे. घाईनं टोचू नका. इथं एक कोपरा तिरका वाळला तर सहा महिन्यांची सरळ शिरोरेघ वाकडी दिसेल.

आणि वैशाख. कार्यालयातल्या एका खोलीत रुखवत मांडलंय: पाच खिरींचं वळवट रंगीत वाट्यांमधून, साखरेचं वृंदावन, कापसाची वस्त्रं, मण्यांची विहीण-व्याही, आत्याच्या विणीतले अननसाच्या नक्षीचे रुमाल, आणि दारावर तोरण. वरपक्षाच्या बायका वाकून वाकून बघतात. त्यातली एक चष्मेवाली तोरण उलटं करून मागची बाजू पाहते. दोऱ्याची टोकं कुठं लपवली आहेत ती शोधते आणि तिला सापडत नाहीत. जाणकारच आहे ती. “कुणी केलं हो?” ती विचारते. काकू ठरलेलं उत्तर देतात, “मुलीनंच.” प्रत्येक रुखवतात हेच उत्तर असतं. खोलीच्या मागच्या दाराशी उभी राहून आत्या ते ऐकते, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान असतं. ते बघून तुम्हाला राग यावा की आनंद व्हावा हे ठरवता येत नाही. तेवढ्यात शालूच्या ओझ्यानं घामाघूम झालेली नवरी स्वतःच म्हणते, “नाही हो, आत्यानं केलंय. मला खांबसुद्धा सरळ येत नाही.” बायका हसतात, चष्मेवाली मागच्या दाराकडे जाते आणि आत्याला ‘म्’चा पाय कसा मोडला ते विचारू लागते. दोघी तिथंच उभ्या राहून बोलत राहतात. वरातीची वाजंत्री सुरू झाली तरी त्यांचं संपत नाही.

लग्नानंतर चार दिवसांनी वाड्याच्या माडीवर पुन्हा या. पाहुणे पांगलेत, वहिनी भिंतीला उशी लावून पडल्या आहेत, त्यांना पाचवा लागलाय. आत्या पिशवीतून उरलेला दोरा काढते. बाळाचं आधी काही करायचं नाही, बाळ घरात आल्यावरच टोपडी-कुंच्या, हा माईचा दंडक आहे, आणि माई जिन्यावर आहे. तिच्या पावलांचा आवाज येतोय.

आत्या सुई तुमच्याकडे देते. “सहा साखळ्या घाल, पहिलीत अडकव, आणि त्या गोलात बारा खांब. पुढच्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन. माईंनी विचारलं तर ताटावरचा रुमाल म्हणून सांग. पाचव्या ओळीपर्यंत खोटं नाही ते, रुमाल आणि टोपडं तोवर सारखंच असतं. सहावीपासून वाढवणं थांबवू, मग बघू कोण काय म्हणतं ते.”