नांगराने उचललेले धुरे

पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे निघालं की हमरस्त्याच्या दोन्ही अंगांची वावरं लांबून सपाट वाटतात. तशी ती नाहीत. कुठे खुनी नदीकडे, कुठे पैनगंगेकडे सगळी जमीन हळूहळू उतरत जाते. वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. त्यातला एखादा धुवाधार पाऊस वरची काळी माती घेऊन नाल्यात उतरतो. माझ्या आजोबांच्या, आबाजींच्या, बहुतेक गोष्टी या उतारापासूनच सुरू होत. कुणाच्या घरी ओसरीवर वाघाच्या गोष्टी होत असतील. आमच्याकडे कोणत्या साली पाणी कुठून शिरलं आणि काय घेऊन गेलं, हेच चाले.

त्यांच्या तरुणपणी काळ्या जमिनीत दरसाल नांगर चालत नसे. वखराच्या पाळ्या घातल्या की पेरणी. नांगर निघायचा तो कुंदा आणि हरळी माजली तरच, आणि तेव्हा एकाच नांगराला बैलांच्या कितीतरी जोड्या लागत. लोखंडी नांगराबद्दल आधी सगळीकडेच धास्ती होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, पण लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं या समजुतीपायी त्यांचे नांगर सुरुवातीला खपतच नव्हते.

मग यंत्रांच्या वार्ता येऊ लागल्या. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मागे टाकलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. कांस गवताने गिळलेल्या जमिनी मोकळ्या करणं हे तिचं काम, आणि मध्य प्रदेश तिचं मोठं कार्यक्षेत्र. १९४९मध्ये जागतिक बँकेने आणखी यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. पोलादी पट्ट्यांवर चालणाऱ्या त्या धुडांचं वर्णन आबाजी हात पसरून करत.

आमच्या वावरात मात्र ट्रॅक्टर आला तो भाड्याचा, पुष्कळ नंतर, महिंद्राचा बी-२७५. पस्तीस अश्वशक्तीचा आणि मागे लोखंडी फाळांचा नांगर. चालकाला तास सरळ काढण्याचा अभिमान होता. आबाजींना सरळ तास नकोच होतं. त्यांनी आदल्या पावसाळ्यात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, पाणी वाहत असतानाच वावरभर खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. त्या खुंट्यांवरून वाकडीतिकडी रेघ जात होती, आणि तिच्यावरूनच नांगर फिरायला हवा होता. आबाजी त्याला म्हणाले, "पाणी कुठून चालते ते पाह्य बाप्पा, मंग फाळ घाल. सरक चालाची घाई पाण्याले असते, आपल्याले नाही."

त्या रेघेवर धुरा, म्हणजे वावरातला बांध, कसा चढतो, हे त्यांनी मला हाताने मातीत रेघा ओढून दाखवलं होतं. तो नांगर माती एकाच अंगाला, उजवीकडे, उलथायचा. म्हणून रेघ उजव्या हाताला ठेवून ट्रॅक्टरने तिच्याभोवती फिरायचं, देवळातल्या प्रदक्षिणेसारखं. जाताना एक तास रेघेवर पडतं, परतताना दुसऱ्या बाजूचं त्याला येऊन टेकतं. मग एकेक तास बाहेर सरकत जायचं, आणि सुटी झालेली माती पुन्हा आत लोटण्यासाठी रेघेपासून नव्याने सुरुवात करायची. फेऱ्यागणिक मधला वरंबा उंचावतो. शेवटी फावडी घेऊन माणसं उतरतात, खोलगट जागा भरतात, माथा चोपतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्टला प्रीस्टली मॅन्गम या शेतकऱ्याने १८८५मध्ये नांगरानेच असे रुंद बसके बांध घातले होते, बांधावरही पेरता यावं म्हणून. त्याचं नाव आबाजींच्या कानावर कधी गेलं नव्हतं. उतारावर शेती करणाऱ्या दोन माणसांना एकच उपाय सुचावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण काळ्या मातीचं एक दुखणं आहे, आणि ते शिकायला साऱ्या महाराष्ट्राला वेळ लागला. मुंबई इलाख्यात १९४२च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीला जोर आला. समपातळीत बांध घालून पाणी जागच्या जागी अडवायचं, हा सोलापूरकडच्या कमी पावसाच्या मुलखाला मानवणारा मार्ग. आमच्याकडच्या चिकण जमिनीत तेच पाणी बांधाला तुंबून राहतं, पऱ्हाटी पिवळी पडते. उन्हाळ्यात धुऱ्याला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तो तिथेच फुटतो. म्हणून इथे ढाळीचे बांध लागतात. शंभर मीटरला वीस-तीस सेंटिमीटर उतार ठेवायचा, म्हणजे पाणी सावकाश चालतं आणि गवताच्या चरातून नाल्याला मिळतं. आबाजींची वाकडी रेघ हीच होती.

आजी १९७२च्या दुष्काळातल्या बांधांचं सांगायची. आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. कामावर सुकडी मिळे, घरी लाल मिलोच्या भाकरी. तिथे ट्रॅक्टर नव्हता. बायका टोपल्यांनी माती वाहत आणि खोदलेल्या खड्ड्यांच्या मापावर मजुरी ठरे. त्या कामांनी माणसं जगवली. पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे हेच हात होते. एरवी कमी बोलणारी आजी या विषयावर थांबत नसे.

आज जेसीबी तासाभरात धुरा उभा करतो. त्याची घाई मला खटकते, कारण तो खोलातली पिवळी माती वर आणतो, आणि तिच्यावर कित्येक वर्षं धड गवतही धरत नाही. नांगराने उचललेला धुरा वावराच्या वरच्या मातीचाच असे. आमच्याकडे त्यावर तूर टोबली जायची.

त्याहून मोठं संकट वाटणीचं. आमच्या वावराचे तीन हिस्से झाले तेव्हा प्रत्येकाला रस्ताही हवा होता आणि नालाही, त्यामुळे पट्ट्या उताराच्या दिशेने लांबच लांब पडल्या. अशा पट्टीत ट्रॅक्टर लांबीनेच फिरतो, आणि प्रत्येक तास पाण्याला वाट करून देतं. मधले धुरे दोन वर्षांत निम्मे खचले. तिसऱ्या वर्षी आम्ही भावंडं बसलो आणि ठरवलं, की सातबारे तीन राहतील, पेरणी ज्याची त्याची, पण नांगरट एकत्र आणि आडवी, तिन्ही पट्ट्यांतून सलग. डिझेलचा खर्च एकरी वाटून. धाकट्याच्या पट्टीत एक धुरा पार मोडला होता. तो मृगाआधी पुन्हा घातला. गावात भाड्याने मिळतो तो पलटी नांगर दोन्ही अंगांना माती टाकतो, त्यामुळे फेऱ्या घालाव्या लागल्या नाहीत. रेघ मात्र आम्ही आदल्या पावसात खुंट्या ठोकूनच काढली होती.