गाणी भरून मिळतील

महागावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. स्वस्त इंटरनेटआधी मेमरी कार्डात गाणी भरून देणं हाच खरा धंदा होता. सोयाबीन विकून आलेला शेतकरी भीमगीतं, भजनं, लावण्या सांगायचा. मी कॉम्प्युटरवरून कार्डात उतरवायचो. वीज गेली तरी डेटा टिकवणारी कार्डातली ही फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकात शोधली. नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड 2005 साली आलं. 2016 मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं अन् गाणी भरणारे हळूहळू आटले. आता कार्डं सीसीटीव्हीसाठी खपतात. गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो : नुसती जीबी पाहू नका, वेगाचा क्लासही पाहा. क्लास 10 म्हणजे सेकंदाला किमान 10 एमबी लेखनवेग. कॅमेऱ्यासाठी मात्र सतत लेखन सोसणारं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डच घ्या.