टॉल्ब्युटामाइडचा मुंबईतील खटला

यवतमाळकडील एखाद्या गृहिणीनें तुरीऐवजीं मुगाचें वरण केलें, तर तिनें शोध लावला असें कोणी म्हणणार नाहीं. कृति तीच; जिन्नस तेवढा बदलला. परंतु त्या वरणांत पूर्वीं कोणास ठाऊक नसलेला औषधी गुण निघाला, तर? रासायनिक कृतीविषयीं असाच पेंच १९६८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सोडविला.

वाद मधुमेहावरील टॉल्ब्युटामाइडचा होता. १९४२ सालीं फ्रान्समध्यें माँपेलिये येथें विषमज्वराच्या रोग्यांस एक सल्फा औषध देतांना त्यांच्या रक्तांतील साखर विलक्षण उतरते, असें डॉ. जांबों यांस आढळलें. पुढें जर्मनींत कार्ब्युटामाइड निघालें. तें साखर उतरवी, पण सल्फाचा जंतुनाशक गुण व उपद्रवहि त्यांत होते. हेक्स्ट कंपनीच्या रसायनज्ञांनीं त्यांतील अमिनो गटाच्या जागीं मिथिल गट बसविला. एवढ्याशा फेरफारानें जंतुनाशक गुण गेला व हवा तो गुण राहिला. पुष्कळ प्रौढ रोग्यांस सुईऐवजीं गोळी मिळाली.

मुंबईची युनिकेम लॅबोरेटरीज हें औषध परळच्या हाफकिन संस्थेच्या पद्धतीनें तयार करी. हेक्स्टनें १९११ च्या पेटंट कायद्यान्वयें दावा लावला. असलीं संयुगें बनविण्याच्या कृति ज्ञातच आहेत, मग यांत शोध कसला, असा बचाव होता. आणि तो पोकळ नव्हता. इंग्लंडांत १९२८ सालीं शार्प अँड डोम विरुद्ध बूट्स या खटल्यांत, ज्ञात कृति शेजारच्या पदार्थास लावली एवढ्यावरून पेटंट रद्द झालें होतें.

मुंबईच्या न्यायालयानें तें मानलें नाहीं. कृति माहीत असली, तरी असंख्य संयुगांपैकीं कोणतें रोग्यास उपकारक व निरुपद्रवी ठरेल, हें कागदावरून कळत नाहीं. त्यास प्रयोगच हवेत. सुटलेलें गणित सोपें वाटतें, तशांतली ही गत! पेटंट ग्राह्य ठरलें. थायोयुरियांतील गंधक काढण्याची हाफकिनची पद्धतहि त्याच्या कक्षेंत आली. ‘सहज सुचण्याजोगें’ याचा अर्थ न्यायालयानें बरोबर लावला, असेंच म्हणावें लागतें. कठोर होता तो कायदा. सोळा वर्षें एकाच कंपनीस मक्ता, आणि येथील सार्वजनिक संस्थेच्या पद्धतीसहि वाट बंद.

१९७० चा नवा कायदा १९७२ पासून अंमलांत आला. त्यानें औषधांच्या केवळ कृतीस, तेंहि फार तर सात वर्षें, संरक्षण ठेवलें. २००५ सालीं मात्र खुद्द औषधासहि पेटंट मिळूं लागलें.