इंटरनेट चालू आहे, मग प्रिंटर का सापडत नाही? ऑफिसच्या लॅनमधला बिघाड असा शोधा

रे रोड स्टेशनहून दारूखान्याकडे गेलं की लोखंडाचे गाळे सुरू होतात. खाली माल, वर पोटमाळ्यावर ऑफिस. तिथे दोन-तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एकाच मशीनवर ठेवलेला टॅलीचा डेटा. अशा ऑफिसांत नेहमीची तक्रार असते: व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, पोर्टलवर ई-वे बिल बनतंय, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅलीची कंपनी उघडत नाही आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. खाली भरलेला टेम्पो चलनासाठी खोळंबलेला. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो. तो म्हणतो लाइन चालू आहे, आणि ते खरंच असतं.

इंटरनेट म्हणजे गाळ्यातून बाहेर जाणारा रस्ता. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांशी बोलतात ते आतल्या नेटवर्कवर, म्हणजे लॅनवर. बाहेरची लाइन तुटली तरी लॅनवर प्रिंट निघू शकते. तसंच लाइन उत्तम असतानाही लॅन बिघडलेलं असू शकतं.

लहान ऑफिसात सर्वात आधी संशय घ्यावा तो दुसऱ्या राउटरचा. लोखंडाच्या थप्प्या आणि पत्रे वायफाय अडवतात, म्हणून पोटमाळ्यासाठी कुणीतरी बाजारातून आणखी एक राउटर आणून जोडतं. हा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. खालच्या मशीनला १९२.१६८.१.५ असा आयपी पत्ता मिळतो, वरच्याला १९२.१६८.०.५. इंटरनेट दोघांनाही मिळतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण खालच्या कॉम्प्युटरला वरचा प्रिंटर दिसत नाही.

तपासणं सोपं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या माहितीत ‘आयपीव्ही४’ पत्ता असतो. साध्या ऑफिसात सगळ्या मशीनच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे हवेत. नसतील तर दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर असेल तरीही हाच अनुभव येतो, कारण ते पाहुण्यांना आतल्या मशीनपासून दूर ठेवण्यासाठीच असतं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. स्विचवर त्या केबलचा दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर आधी केबल बदला, मग पोर्ट. राउटर बदलण्याचा खर्च त्यानंतरचा.

काल चालणारा प्रिंटर आज गायब झाला, तर बहुतेक वेळा त्याचा पत्ता बदललेला असतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, प्रिंटरला नवा आकडा मिळाला. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवतोय. प्रिंटरवरूनच नेटवर्कची माहिती छापून घ्या आणि राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा.

पत्ते जुळतात तरी शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही? मग त्या मशीनवर नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का बघा. ऑफिसच्या नेटवर्कसाठी ते ‘प्रायव्हेट’ हवं. इथे ‘पिंग’वर फार भिस्त ठेवू नये. विंडोजचा फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तरच देत नाही, मशीन धडधाकट असली तरी. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने फाइल शेअरिंगचे नियमही कडक केले. त्यामुळे अपडेटनंतर जुनं स्टोरेज किंवा फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारं जुनं मशीन अचानक बंद पडू शकतं. अशा वेळी फायरवॉलच बंद करून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. शेअरसाठी पासवर्ड असलेलं खातं बनवा आणि जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

एका गाळ्यातून दुसऱ्यात नेटवर्क न्यायचं असेल तर तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. क्रेनच्या मोटरच्या आणि वेल्डिंगच्या वायरींना चिकटून ती नेऊ नये. दोन वेगळ्या इमारतींत फायबरच टाकावी.

आणि सगळ्याच मशीन एकदम बंद पडल्या, स्विचचे सगळे दिवे एका वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर साफसफाईत कुणीतरी मोकळं दिसलेलं केबलचं टोक त्याच स्विचमध्ये परत खोचलेलं असण्याची दाट शक्यता आहे. एकेक केबल काढत जा. योग्य केबल निघाली की काही क्षणांत नेटवर्क परत येतं.