भ्रमणध्वनी-नोंदींवरून लोकवस्तीचे अनुमान

भ्रमणध्वनी-सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांकडे देयकांसाठी साठणाऱ्या नोंदींच्या आधारे लोक कोठे राहतात व कोठे जातात, याचा अंदाज करण्याची पद्धती. लोकवस्ती मोजण्याचे पारंपरिक साधन जनगणना हे होय. ती सामान्यतः दहा वर्षांनी होते आणि एका ठराविक वेळेची स्थिती दाखविते. भूकंप, पूर, युद्ध वा साथ यांमुळे लोक घरे सोडून गेल्यास तिचे आकडे अपुरे पडतात. अन्न व औषधे मात्र त्याच वेळी, लोक जेथे असतील तेथे पोहोचवावी लागतात. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतून ही पद्धती पुढे आली.

पद्धती : ग्राहकाने कॉल केला किंवा लघुसंदेश पाठविला म्हणजे त्याचा क्रमांक, वेळ व ज्या मनोऱ्यामार्फत संपर्क झाला तो मनोरा यांची नोंद होते. मनोऱ्याचे स्थान ज्ञात असल्याने तीवरून ग्राहकाचे अंदाजे ठिकाण कळते. अनेक दिवसांच्या नोंदींत रात्रीच्या वेळी जो मनोरा सर्वाधिक वेळा आढळतो, त्याच्या परिसरात ग्राहकाचे घर असल्याचे मानतात. अशी ग्राहकसंख्या जनगणनेशी ताडून एकूण लोकसंख्येचा अंदाज करतात. शहरात मनोरे दाट असल्याने हे स्थान बरेच नेमके असते. ग्रामीण भागात एकाच मनोऱ्याच्या कक्षेत अनेक गावे येतात. रात्रपाळीच्या कामगाराचा कारखानाच त्याचे घर ठरण्याचाही संभव असतो.

ऐतिहासिक आढावा : मार्ता गोन्सालेस, सेसार इदाल्गो व ऑल्बेर्त-लास्लो बाराबाशी यांनी २००८ मध्ये एक लाख ग्राहकांच्या सहा महिन्यांच्या नोंदी अभ्यासून, माणसे मोजक्याच ठिकाणी वारंवार परततात, असे दाखवून दिले. एस्टोनियात तार्तू विद्यापीठातील भूगोलज्ञ राइन आहास व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये घर व कामाचे ठिकाण ओळखण्याची रीत मांडली. पोर्तुगाल व फ्रान्स या देशांविषयीच्या २०१४ च्या अभ्यासात अशा नोंदींवरून केलेले लोकवस्तीचे नकाशे जनगणनेशी जुळत असल्याचे आढळले. शिवाय सुट्टीच्या काळात लोकवस्ती कशी सरकते, हेही त्यांतून दिसले.

या पद्धतीची खरी कसोटी हैतीमध्ये लागली. तेथे १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भूकंपाने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. देशाची अखेरची जनगणना २००३ मध्ये झालेली होती. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील लीनस बेंग्टसन, शिन लू व त्यांचे सहकारी यांनी डिजिसेल या कंपनीच्या सु. १९ लाख सिमकार्डांच्या, ग्राहकांची ओळख वगळलेल्या नोंदी तपासल्या. भूकंपानंतर १९ दिवसांत सु. ६,३०,००० लोक राजधानी सोडून गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने घरोघर केलेल्या पाहणीशी या स्थलांतराचे स्वरूप बरेचसे जुळले. मात्र हा अभ्यास मुख्यतः मागाहून झाला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये पटकीची साथ उद्भवली, तेव्हा साथीच्या क्षेत्रातून लोक कोठे जात आहेत, याची माहिती प्रत्यक्ष साथ चालू असताना मदतसंस्थांना देता आली. लोक भूकंपानंतर बहुधा तेथेच गेले, जेथे त्यांनी आदला नाताळ व नववर्षदिन घालविला होता, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. संकटात माणूस आप्तांच्या आश्रयाला जातो, ही सर्वपरिचित गोष्ट यामुळे आकड्यांत मांडली गेली.

मर्यादा व आक्षेप : ज्याच्याजवळ भ्रमणध्वनी नाही, तो या मोजणीत येत नाही. लहान मुले, वृद्ध, अतिदरिद्री आणि कित्येक समाजांत स्त्रिया यांचे प्रमाण त्यामुळे कमी दिसते. उलट एकाजवळ दोन सिमकार्डे असू शकतात, तर कोठे एकच यंत्र सारे कुटुंब वापरते. म्हणजे मदतीची सर्वाधिक गरज असलेलेच नजरेआड राहण्याचा धोका असतो. म्हणून ही पद्धती जनगणनेस पूरक ठरते, पर्यायी नव्हे.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे. ईव्ह-अलेक्सांद्र द माँजॉय व सहकारी यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या नोंदींवरून असे दाखविले, की स्थळ व वेळ यांचे केवळ चार बिंदू ज्ञात असल्यास सु. ९५ टक्के व्यक्तींची नोंद इतरांपासून वेगळी ओळखता येते. नाव काढून टाकल्याने ओळख पुसली जात नाही, हा याचा अर्थ. भारतात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. आपत्तीत सापडलेल्यांचा शोध घेणारे साधन एखाद्या शासनाच्या हाती विरोधकांच्या पाळतीचेही साधन होऊ शकते. म्हणून व्यक्तीच्या नोंदी कंपनीबाहेर जाऊ न देता केवळ मोठ्या समूहांचे एकत्रित आकडे देणे, हा यावरील महत्त्वाचा उपाय मानला जातो.